पळीभर ऑइल

लहान गाडीचा ऑइल फिल्टर काढायला लहान हात लागतो. मी गॅरेजमध्ये कामाला लागले ती एवढ्याच कारणाने. जीपचा, टेंपोचा फिल्टर समोर दिसतो, त्याला पट्ट्याचा पाना लावला की सुटतो. पण चार माणसांच्या या छोट्या गाड्या आल्या आणि त्यांच्या बॉनेटखाली सगळं असं कोंबलेलं की फिल्टर पार इंजिनाच्या मागे, तापलेल्या पाइपाच्या शेजारी. आमच्या ह्यांचा हात म्हणजे फावडं. एका सकाळी ते असल्याच गाडीशी झटत होते, मनगट सोलवटून निघालं होतं, आणि मी चहा घेऊन गेले. "जरा तुझा हात घाल गो आत," म्हणाले. मी बांगड्या कोपराकडे सारल्या, हात घातला, फिल्टर चाचपला आणि फिरवला. सुटला. गरम ऑइल कोपरापर्यंत ओघळलं आणि साडी कामातून गेली. त्या दिवसापासून फिल्टर माझ्याकडे आला, फिल्टरमागोमाग ऑइल आलं, आणि पुढे ऑइल म्हटलं की हे नुसते माझ्याकडे बोट दाखवायला लागले.

आमचं गॅरेज दापोलीच्या बाहेर, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याला. पुढे पत्र्याची शेड, मागे घर, आणि शेडमध्ये जांभ्यात खणलेला एक खड्डा, त्यात उतरून गाडीखालचं काम करायचं. आता ह्यांची कंबर धरली म्हणून काम बंद केलं आहे. शेडमध्ये एक टायरवाला भाड्याने बसतो. मी सकाळी केर काढायला गेले की अजून नाक आपोआप ऑइलचा वास शोधतं आणि मिळतो तो रबराचा.

शेजारी मराठी शाळेतल्या एक बाई राहतात. वाचनालयाचा दिवाळी अंक त्या बघतात. गॅरेजमध्ये काम केलेली बाई म्हणून तुम्ही लिहा, असं त्यांनी मला सांगितलं. मी मान हलवली ती नाही म्हणून, त्यांना वाटलं हो म्हणून. त्यांना पुन्हा जाऊन सांगायचं मला जमलं नाही, तेव्हा लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहून झाल्यावर त्यांना देईन असं वाटत नाही. पण बसलेच आहे तर जे मला ठाऊक आहे ते नीट लिहिते.

इंजिनात लोखंडावर लोखंड घासत असतं. मधे ऑइलचा पापुद्रा असतो म्हणून ते एकमेकांना खात नाही. ऑइलचं काम एवढंच, पण ते सगळीकडे वेळेवर पोचलं पाहिजे. आता पेज बघा. चुलीवरून उतरवली की पातळ असते, निवली की घट्ट होते. ऑइलचं तसंच आहे. डब्यावर दोन आकडे असतात आणि पहिल्याच्या पाठीला डब्ल्यू हे अक्षर. पहिला आकडा सांगतो की गाडी थंड असताना ऑइल किती पातळ राहील. तो जेवढा लहान तेवढं सकाळी ऑइल लवकर वर चढतं. दुसरा सांगतो की तापल्यावर ते किती दाट राहील. डब्ल्यू म्हणजे इंग्रजीतली थंडी, असं ह्यांनी सांगितलं. ते अक्षर मी डब्यावरूनच शिकले, शाळेत आमची मजल तिथवर गेली नव्हती.

नव्या छोट्या गाड्यांना पातळ ऑइल लागतं, कारण त्यांच्या आतल्या वाटा अरुंद असतात. जुन्या, झिजलेल्या गाडीला जरा दाट चालतं. कुठल्या गाडीला कुठलं घालायचं हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक डाव्या बाजूच्या कप्प्यात असतं आणि बहुतेकांनी ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलंही नसतं. पुस्तक न बघता लोक सांगतात, "वहिनी, जरा जाड बघून घाला." दूध दाट चांगलं, आमटी दाट चांगली, तेव्हा ऑइलही दाटच चांगलं असणार, असं त्यांच्या डोक्यात असतं. मी काही बोलत नसे. पुस्तक काढायचं, पान उघडायचं आणि त्यांच्यापुढे धरायचं, एवढं मी शिकले होते. बोलण्यापेक्षा ते सोपं.

काम तसं अवघड नाही. गाडी थोडी चालवून इंजिन कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन उतरतं. खाली ऑइल साठतं त्या चेंबरला एक बोल्ट असतो, तो सोडायचा. जुनं ऑइल ट्रेमध्ये पडू द्यायचं, थेंब थांबेपर्यंत. घाई करायची नाही. फिल्टर बदलायचा, नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं. चेंबरच्या बोल्टाला नवा वायसर घालायचा आणि बोल्ट आवळायचा तो बेताने. इथे पुरुष माणसांचं चुकतं. ताकद आहे म्हणून लावतात, आणि चेंबर असतो नाजूक धातूचा, त्याचे आटे जातात. मग वरून नवं ऑइल, आणि शेवटी पट्टी. पट्टी म्हणजे इंजिनात खोचलेली लांब काडी, तिला खाली दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मधे आलं पाहिजे. सगळं काम त्या दोन बोटांच्या अंतरात तपासलं जातं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक मुंबईकर होते, त्यांची गाडी वर्षभर गावच्या पडवीत ताडपत्रीखाली असायची, मे महिन्यात आणि गणपतीत बाहेर निघायची. ह्यांनी ऑइल बदला म्हटलं की ते म्हणायचे, गाडी चाललीच नाही तर ऑइल खराब होईल कसं. आमच्याकडची हवा खारी आणि दमट, उभ्या गाडीच्या ऑइललाही ती लागते, म्हणून पुस्तकात किलोमीटरबरोबर महिनेही लिहिलेले असतात. हे त्यांना पटलं, पण अर्धंच. ते म्हणाले, "असं करा, अर्धं नवं घाला, अर्धं राहू दे." ह्यांनी खड्ड्यातून मान वर काढली आणि विचारलं, "अर्धी दाढी करता काय हो कधी?" ते गृहस्थ खरंच हनुवटी चाचपायला लागले. मी डबा घेऊन मागच्या बाजूला गेले, मला हसू आवरेना.

आणखी काही जण गाडी न घेताच यायचे, हातात रिकामा कॅन घेऊन. "काळं आहे काय गो?" म्हणजे गाडीतून काढलेलं जुनं ऑइल. ते लाकडाला फासलं की वाळवी लागत नाही. आमच्या आजूबाजूच्या कितीतरी गोठ्यांचे खांब माझ्या हातच्या काळ्या ऑइलवर उभे आहेत, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण रस्त्याने जाताना खांब बघते.

हाताचं मात्र वाईट वाटायचं. नखांतलं काळं साबणाने जात नाही, चुलीतल्या राखेने थोडं जातं. हळदीकुंकवाला गेले की मी हात पदराखाली ठेवायची. वाण घ्यायला हात पुढे केला की बायका आधी हाताकडे बघायच्या. पुढेपुढे मी जायचंच टाळलं. आता नखं स्वच्छ झाली आहेत आणि बोलावणी थांबली आहेत.

नवीन गिऱ्हाईक आलं की मला विचारायचं, "मिस्त्री कुठे आहेत?" मी हातात ऑइलचा डबा घेऊन उभी असले तरी. हे खड्ड्यातून ओरडायचे, "ऑइलला तीच मिस्त्री." मग गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं आणि मी जमिनीकडे. गिऱ्हाइकाशी आपणहून मी कधी बोलले नाही. एकदाच बोलले, तेच सांगायचं आहे.

मुरुडच्या बाजूचे एक तांडेल होते. तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा प्रमुख, होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं हे ठरवणारा. त्यांचं खरं नाव घेऊन कुणी हाक मारत नसे, सगळे तांडेलच म्हणायचे. वयामुळे होडी त्यांनी पुतण्याच्या हवाली केली होती. त्यांच्या बायकोला, आम्ही तिला काकी म्हणायचो, झटका येऊन गेला होता. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता. दर मंगळवारी तिला दापोलीत व्यायाम करून घ्यायला आणावं लागे. एसटीची पायरी तिच्या गुडघ्याच्या वर यायची. दोन वेळा कंडक्टरने आणि तांडेलांनी मिळून तिला उचलून घातली, तिसऱ्या वेळी ती म्हणाली, मी काय माशांची टोपली आहे काय. मग मुंबईच्या मुलाने शिमग्याला जुनी छोटी गाडी घेऊन दिली. बुटकी गाडी, बसायला सोपी. तांडेल त्या वयात गाडी चालवायला शिकले आणि काकीचा पाय त्या मंगळवारांनी हळूहळू उचलायला लागला.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मंगळवारच होता. रस्त्याच्या वळणावर आधी निळा धूर दिसला, मग धुरातून गाडी. घाटी चढताना तिचा दम गेला होता, वरच्या बाजूने टकटक आवाज येत होता, आणि तांडेलांच्या समोर ऑइलचा लाल दिवा लागत होता, विझत होता. त्यांनी गाडी शेडमध्ये घातली आणि बंद केली. धूर मात्र थोडा वेळ रेंगाळला.

ह्यांनी बॉनेट उघडलं. तापलेल्या गाडीचीच पट्टी ओढली, ती ऑइलने माखलेली होती, ऑइल आहे एवढं बघून परत खोचली. ऑइल कधी बदललं होतं, असं त्यांनी विचारलं.

"बदलायचं कशाला?" तांडेल म्हणाले. "ऑइल मी कधी कमी पडू दिलं नाय."

ह्यांना असल्या उत्तराचा राग येतो. ते म्हणाले, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार, इंजिन खोलावं लागेल, आणि या जुन्या गाडीचं इंजिन खोलण्यात अर्थ नाही, मुलाच्या गळ्यात कुणीतरी मारली आहे. तांडेल म्हणाले, होडीचं इंजिन त्यांनी अख्खं आयुष्य चालवलं, भर समुद्रात कधी बंद पडलं नाही, त्यांना इंजिन शिकवू नका. हे म्हणाले, मग न्या समुद्रात. दोघेही तोंड फिरवून उभे राहिले.

तांडेलांनी मुलाला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा, आम्हाला सगळं ऐकू आलं. मुलगा चिडलेला नव्हता, उलट त्याचा आवाज जड झालेला वाटला. तो म्हणाला, बाबा, पुरे झालं आता, गाडी भंगारात द्या, मी ओळखीच्या भंगारवाल्याशी बोलतो. रविवारी येतो, आईला आणि तुम्हाला इकडेच घेऊन येतो. इथे दवाखाना समोर आहे. तांडेल नुसते हं, हं करत राहिले.

काकी शेडबाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिला चहा नेऊन दिला. तिने उजव्या हातात कप धरला आणि बराच वेळ प्यायलीच नाही. मग म्हणाली, "तिसऱ्या माळ्यावर खोली हाय त्याची. जिना असा अरुंद. एकदा वर गेले की मी वरच, बाय. मग खाली आणतील ती चौघं मिळूनच."

मी तिच्या शेजारी बसले. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, हे ती आपणहून सांगत होती. इथे ती सकाळी काठी धरून अंगणातल्या तुळशीपर्यंत जाते, तिथून माडापर्यंत जाते, आणि व्यायामाच्या बाईने सांगितलं आहे की होळीपर्यंत किनाऱ्यावर जाशील. तिथे कुठे जाणार, गॅलरीपर्यंत. मग गाडीकडे बघत ती म्हणाली, "किती जपत होते ते तिला. निघायच्या आधी पाजल्याशिवाय कधी बाहेर काढली नाय. माझी आमटीची मोठी पळी नेऊन ठेवलीय त्यांनी गाडीपाशी."

पाजल्याशिवाय म्हणजे काय, मी विचारलं.

"ऑइल गो. पळीभर. होडीला पाजायचे ना बंदर सोडण्याआधी, तसंच. होडीचंच पिंप हाय घरात."

मी उठले. होडीची जुनी इंजिनं ऑइल पितात. गॅरेजमध्ये आम्ही असंच म्हणतो, हे इंजिन ऑइल पितं, म्हणजे चालता चालता त्याचं ऑइल जळून कमी होतं. तसल्या इंजिनाला दर फेरीला वरून घालावंच लागतं. समुद्रात ऑइल संपलं तर माणसं परत येत नाहीत. म्हणून तांडेल बंदर सोडण्याआधी पाजायचे, आणि तोच नेम त्यांनी शिमग्यापासून या गाडीला लावला होता. दर मंगळवारी एक पळी, ती पण होडीच्या जाड ऑइलची. गाडी पीत नव्हती, ते साठत गेलं होतं.

इंजिन जरा निवलं होतं. मी पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा खोचून काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, पट्टीला वर पीळ दिलेला असतो तिथपर्यंत चढलेलं. हे आधी ह्यांच्या नजरेतून सुटलं त्याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे येणारी प्रत्येक गाडी ऑइल कमी होऊन यायची. पट्टी बघताना डोळा कमी आहे का तेवढंच बघतो. जास्त घालून आणलेली गाडी आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

मी खड्ड्यापाशी जाऊन ह्यांना हळू आवाजात सांगितलं. ते गप्प झाले. ओरडले असते तर मला काळजी वाटली नसती. गप्प झाले म्हणजे ते विचार करतात. ताक घुसळताना रवी जास्त बुडली की ताक उडतं आणि फेस येतो. इंजिनात तेच झालं होतं. खालचं फिरणारं लोखंड ऑइलमध्ये बुडून त्याचा फेस करत होतं, ऑइल उडून भलत्या वाटेने जाऊन जळत होतं, म्हणून धूर. तेवढंच असेल तर गाडी वाचली. पण फेसाचं ऑइल लोखंडाला वाचवत नाही, आणि लाल दिवा लागून गेला होता. त्या घाटीत बेअरिंगं घासली गेली असतील तर ह्यांचं आधीचं बोलणंच खरं ठरणार होतं. ते कळायची एकच रीत. ऑइल काढायचं आणि त्यात चमकी आहे का बघायची. लोखंड घासलं गेलं की त्याची चंदेरी पूड ऑइलमध्ये उतरते.

"काढ," हे म्हणाले.

मी खड्ड्यात उतरले आणि बोल्ट सोडला. ऑइल आलं ते फेसाळ, जाड. ट्रे भरत आला तरी धार थांबेना. मी बोट बोल्टाच्या भोकावर दाबून धरलं आणि ह्यांनी घरातून कपडे भिजवायची प्लास्टिकची पाटी आणून खाली सरकवली. तिच्यातही पडत राहिलं. तांडेल खड्ड्याच्या काठाशी येऊन वाकून बघत होते. एवढं ऑइल बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बघा," ते ह्यांना म्हणाले. "मी सांगितलं होतं ना, कमी पडू दिलं नाय."

ह्यांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार हे मला पाठ होतं, आणि एकदा ते बोलले असते की तांडेल त्या गाडीला पुन्हा हात लावणार नाहीत हेही दिसत होतं. मी खड्ड्यातच होते, वर फक्त डोकं होतं, कदाचित म्हणून जमलं.

"काका," मी म्हणाले, "होडी पिते. ही पीत नाही."

तांडेल पाटीकडे बघत राहिले, मग ट्रेकडे, मग पुन्हा पाटीकडे. दर्यावर आयुष्य काढलेला माणूस, त्यांना आणखी समजावायला लागलं नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "मग नको होतं तर बोलली का नाय ही?"

बाकावरून काकीचा आवाज आला. "तुमच्यापुढं आजवर कोण बोललंय?"

ह्यांना हसू फुटलं. तांडेलांनी त्यांच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही.

ट्रे मी उन्हात नेला. हसू तेवढ्यापुरतंच होतं. ट्रे हळूच तिरका केला, ऑइल एका बाजूला सरकवलं, तळ बघितला. काळा गाळ होता. दोन बोटांत ऑइल घेऊन चोळलं, बोटं उन्हाकडे धरून फिरवली. मग फिल्टर काढला. ह्यांनी तो हॅकसॉने कापला आणि आतला घडीचा कागद एकेक घडी उलगडत बघितला. सगळे बघत होते, काकीसुद्धा काठीला धरून बाकावरून उठली होती. कागद काळा होता, तेलकट होता, आणि त्यात एकही कण चमकत नव्हता.

"नाही," हे म्हणाले. एवढाच शब्द. मग त्यांनी करवत खाली ठेवली आणि गाडीच्या मडगार्डवर थाप मारली.

कप्प्यातलं पुस्तक पिशवीतच होतं. मी पान काढलं, त्यात लिहिलेलं पातळ ऑइल घेतलं, नवा फिल्टर लावला, नवा वायसर घातला, बोल्ट बेताने आवळला. ऑइल घातलं, थोडं थांबले, पट्टी काढली. दोन खुणांच्या मधे. ह्यांनी गाडी चालू केली. क्षणभर टकटक झाली आणि ऑइल वर पोचलं तशी बंद झाली. लाल दिवा विझला तो विझलाच. धूर मात्र येत होता. आधीचं ऑइल पाइपात, सायलेन्सरमध्ये गेलेलं असतं, ते जळून जाईपर्यंत धूर राहणारच, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं आणि धूर बघत उभं राहणं निराळं.

हे आणि तांडेल गाडी घेऊन घाटी उतरून पुन्हा चढून यायला गेले. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. काकीने उजव्या हाताने माझा दंड धरला होता. तिच्या पकडीला चांगलाच जोर होता. ती म्हणाली, आता मला बोलायचं नाय, तू पण बोलू नको. मला ते सोयीचंच होतं. एक एसटी गेली, एक टेंपो गेला. मग वळणावर गाडी आली. आधी गाडी दिसली. मी तिच्या मागे बघत होते. थोडी निळी रेघ होती, वळण पुरं होईपर्यंत तीही विरली. चढावर ती गाडी सरळ आली, कुरकुर न करता. काकीने माझा दंड सोडला, तिथे पाच बोटं उमटली होती.

उतरल्यावर तांडेल बॉनेटशी उभे राहिले. काही वेळाने त्यांनी मला विचारलं, "मग निघायच्या आधी मी करू काय?" ते गमतीने विचारत नव्हते. काही केल्याशिवाय निघायचं म्हणजे त्यांना चैन पडणार नव्हती. आणि ज्या माणसाने जन्मभर इतरांना सुखरूप परत आणलं, त्याला नुसतं काही करू नका असं कसं सांगायचं. मी पट्टी ओढून फडक्यासकट त्यांच्या हातात दिली. पुसायची, खोचायची, काढायची, आणि दोन खुणांच्या मधे आहे का बघायची. असेल तर बॉनेट बंद. त्यांनी तसं केलं. डोळे बारीक करून, पट्टी आडवी धरून, पाण्याची खोली बघावी तसं बघितलं. "खुणेवर हाय," म्हणाले आणि बॉनेट लावलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. भंगारवाल्याशी बोलणं झालं आहे, तो उद्या गाडी न्यायला माणूस पाठवतो, असं तो सांगत होता. तांडेल म्हणाले, गाडी बरी झाली. मुलाचा विश्वास बसला नाही. बाबा, तुम्ही असंच म्हणणार, तो म्हणाला. तांडेलांना पुढे पळीचं सांगणं जड जात असावं. हे नळावर हात धुवायला गेले होते. तांडेलांनी इकडेतिकडे बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "घे. मिस्त्रीशी बोल," मुलाला म्हणाले.

फोन माझ्या हातात आला. पलीकडे एक अनोळखी पुरुष हॅलो, हॅलो करत होता. काकी माझ्याकडे बघत होती. तिच्यापुढे तिसरा माळा होता.

"गाडी चांगली आहे," मी म्हणाले. "विकू नका."

तो गडबडला. तुम्ही कोण, असं त्याने विचारलं.

"ऑइलवाली," मी म्हणाले. मग फोन काकीच्या हातात दिला.

काकीने फोन कानाला लावला नाही, तोंडासमोर धरला. "ऐकलंस?" ती म्हणाली. "रविवारी ये, पोहे करते. न्यायला येऊ नको." मग तिने फोन तांडेलांच्या खिशात टाकला, काठीने गाडीचं दार ढकलून पुरतं उघडलं आणि बसली. डावा पाय बाहेर राहिला होता. तांडेल वाकून तो उचलायला गेले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला, पाय दोन वेळा हलवून बघितला, तिसऱ्या वेळी स्वतःच आत घेतला, आणि दार ओढून लावलं.